आई मागावर कशी बोलायची

१२ नोव्हेंबर, रविवार, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, तिकडेही असेल असं धरून चालते. वहिनीची कंबर कशी आहे? मागच्या खोलीची गळती थांबली. मांजरीने परत कपाटात पिल्लं घातली आणि तुझा जुना स्वेटर तिला पसंत पडलाय, तेव्हा तो आता विसर.

काल आईला घेऊन बंद गिरणीत गेले होते. पाडायच्या आधी जुन्या कामगारांना एकदा आत सोडणार होते. आई निघायलाच तयार नव्हती. भोंगामावशी गाडी घेऊन दारात ठाण मांडून बसली, तेव्हा कुठे उठली. मावशी आठवते ना? आईच्या समोरच्या रांगेत मागावर होती, आणि गिरणीच्या भोंग्यापेक्षा हिचा आवाज मोठा म्हणून ते नाव पडलं.

तू म्हणशील, आईला बाहेर काढायला मावशी कशाला लागते. आता सांगूनच टाकते. फोनवर मी ‘आई झोपलीय’ म्हणायचे ना, तेव्हा ती झोपलेली नसायची. शेजारी बसून मला डोळे वटारायची, सांगू नकोस म्हणून. ऑपरेशनमध्ये घशातली गाठ निघाली दादा, पण तिच्याबरोबर आवाजही गेला. कायमचा. तू सगळं टाकून धावत येशील याची तिने धास्ती घेतली होती. कुणाला भेटेना. मावशीलाही दोनदा दारातून परतवून लावलं. जेवण दोन घासांवर आलं. मी पाटी आणून दिली, तर तिच्यावर एकच शब्द लिहिला: ‘पुरे.’ मी तो पुसला आणि न्हाणीघरात जाऊन रडले.

तर काल. गाडीत आई शाल तोंडावर ओढून खिडकीबाहेर बघत बसली. विणकाम खातं ओळखूच येत नव्हतं. माग केव्हाच भंगारात गेलेत. फरशीत त्यांचे बोल्ट आणि तेलाचे काळे डाग तेवढे उरलेत, तुळयांवर कापसाचे पुंजके अजून लोंबताहेत. आईने माझा हात सोडला, सरळ चालत गेली आणि एका डागापाशी थांबली. मावशी पार पलीकडच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. मग आईने शाल काढली, तोंड वेडंवाकडं केलं, भुवया उडवल्या, ओठ ताणले. मी पर्समधून दुखण्यावरची गोळी काढली. घरी ती असं करायला लागली की मी तेच करायचे.

मावशी पोट धरून हसायला लागली. तिथूनच ओरडली, “अगं, ठेव ती गोळी. ती म्हणतेय, ही पोरगी मला गोळ्या चारून मारणार.”

“म्हणजे?” मी विचारलं. मावशी जवळ आली. “मागांच्या खडखडाटात कुणाला काय ऐकू येणार? आम्ही ओठांनीच बोलायचो, लांबून दिसावं म्हणून तोंड मोठं करून. लग्नं जमवली, भांडणं केली, मुकादमाला त्याच्या नाकासमोर शिव्या घातल्या. तुझी आई तर एक नंबर चहाडखोर.”

म्हणजे आई पहिल्या दिवसापासून माझ्याशी बोलत होती, आणि मी तिला पाणी आणि गोळी देत होते. मला रडू आलं आणि हसूही.

आमच्यासारख्याच आलेल्या बाकीच्या जुन्या कामगार बायकाही मग आपापल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. एवढं मोठं खातं, नुसतं ओठांनी आणि हातांनी गजबजलं. रखवालदार घाबरून आत डोकावला, म्हातारीबितारी पडली की काय म्हणून. आई हसत होती दादा. आवाज नाही, पण खांदे गदगदत होते.

घरी आल्यावर तिने दोनदा वाढून घेतलं. मग माझ्याकडे बघून ओठ हलवले. तीन वेळा हलवायला लावले, तेव्हा कळलं: मीठ कमी आहे. मी आयुष्यात इतक्या आनंदाने टोमणा ऐकला नव्हता.

आता ती समोर बसून हे सांगतेय, मी लिहितेय: “धावत येऊ नकोस, सुट्टी मिळाली की ये. फोन चेहरा दिसेल असा कर. हिला शिकायला वेळ लागतोय, तू लवकर शीक. मला खूप बोलायचंय.”

खाली मी ‘आईचा आवाज’ अशी सही करत होते. तिने हात धरला. म्हणाली, माझा आवाज माझ्याजवळ आहे, तू आपली सही कर.

म्हणून फक्त,
तुझी धाकटी