मामंजींचं नाव

अपा,
तुम्हाला, मामंजींना आणि दारातल्या म्हाताऱ्या घोडीलाही बिश्केकहून सलाम.

मी मजेत आहे. कोरियाला जायच्या परीक्षेसाठी शिकतेय ती कोरियन भाषा वाटली तितकी अवघड नाही. वाक्य आपल्यासारखंच चालतं, क्रियापद अगदी शेवटी. तुमचं बोलणं मध्येच तोडलं की तुम्ही रागवायच्या, त्याची आठवण येते.

परवा वर्गात घरच्या माणसांवर वाक्यं करायची होती. मी म्हटलं, "म्हातारे गृहस्थ घोडीला पाणी दाखवतात."

बाई म्हणाल्या, "कोण गृहस्थ? नाव घाल."

सुनेनं सासऱ्याचं नाव कसं घ्यायचं? मी वहीकडे बघत बसले. बाई वैतागल्या, "परीक्षेतही अशीच बसणार का गं? मग कोरिया विसर!"

डोक्यावरचा रुमाल कपाळावर ओढला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांचं नाव घेतलं. वाटलं, अंगणातून "काय गं पोरी?" अशी ओ येईल. आली नाही. मला वर्गातच रडू फुटलं.

त्यांचा खोकला कसा आहे? खरं सांगा.

हे पत्र तुम्हाला मामंजीच वाचून दाखवणार, म्हणून नाव लिहीत नाही. या ओळीवर येऊन त्यांचा आवाज अडला, तर खोकला आला असंच समजा.

तुमची सून,
मेरिम