चार नंबरचा नारळ

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

अर्धा दिवस सुट्टी — ज्योतीराम शेठचा मोठेपणा! आणि तो अर्धा दिवस गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी भरून द्यायचा. शॉपमध्ये पत्रा ठोकायच्या एक नंबरच्या प्रेसशेजारी गणपती बसवला. आरतीला शेठचं सगळं घरदार नटूनथटून. आम्ही बायका एप्रनवरच टाळ्या वाजवत उभ्या. मी टाळ्या वाजवत नाही, हे सोजराबाईंनी बघितलं. बघू देत. पाच नंबरवर बसून दिवसभर तेवढंच बघतात.

सण आले की माझं डोकं फिरतं. लोकांना वाटतं सण म्हणजे सुट्टी. महाळुंग्यात सण म्हणजे टार्गेट! दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी, धनत्रयोदशीच्या मुहूर्तावर गाडी — आणि त्या गाड्यांच्या ब्रॅकेट आम्ही आधीच ठोकून ठेवायच्या. यंदा गाड्या स्वस्त होणार म्हणे. म्हणजे आणखी ठोका. चौकात इच्छुक नगरसेवकांचे हात जोडलेले फोटो, सर्वांना हार्दिक शुभेच्छा. कुठल्या तोंडाने देतात कोण जाणे.

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

तळेगाव-चाकण रस्ता जाम. डीजेच्या मागे स्कूटी ढकलत निम्मी वाट. छाती अजून धडधडते आहे. यांचा देव बहिरा आहे का!

१५ सप्टेंबर

इंद्रायणीची दोन बोटं गेली. चार नंबरवर. डाव्या हाताची.

नीट लिहून ठेवते, कारण उद्यापासून सगळे वेगळंच सांगतील. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही एकदम दाबली तरच मशीन खाली येते. म्हणजे दोन्ही हात बाहेर, बोटं सलामत. पण दोन्ही हात बटणावर ठेवले तर पत्रा कोण सरकवणार? मग हात काढा, पत्रा सरकवा, पुन्हा हात ठेवा. माल निम्मा होतो. म्हणून डाव्या बटणात खुंटी ठोकायची — बटण कायमचं दाबलेलं. उजव्या हाताने चालवा, डाव्याने पत्रा सारा. खुंट्या शॉपमधले सगळ्यात जुने दत्तोबाकाका करतात, बाभळीच्या, घासून तेल पाजून. दर मशीनला तिची तिची. माझ्या दोन नंबरलाही आहे. गेल्या वर्षापर्यंत मी चार नंबरवर होते, तिथेही मी खुंटीवरच चालवलं. सगळ्याच चालवतात.

इंद्रायणी ओरडली नाही. "अगं बाई," एवढंच म्हणाली, आणि खाली बसली. मी तिचा हात माझ्या ओढणीत गुंडाळला. तेवढ्यात दत्तोबाकाकांनी काय केलं? पाणी आणलं? गाडी बोलावली? नाही! चार नंबरची खुंटी उपटली आणि खिशात घातली. शेठ यायच्या आत.

मी बघितलं. त्यांनीही बघितलं की मी बघितलं.

१६ सप्टेंबर

चार नंबरला लिंबू-मिरची. शेठ सगळ्यांना जमवून म्हणाले, "मशीन कोपली की असंच होतं. काहीतरी राहून गेलं असणार आपल्याकडून."

झालं! सोजराबाईंना लगेच आठवलं. "गेल्या खंडेनवमीला चार नंबरला नारळ कुठं फुटला? ही साक्षीच नको म्हणली. मी तवाच म्हणले, मशीनचं राहिलं बगा."

खरं आहे. गेल्या वर्षी सगळ्यांनी आपापल्या मशीनला हळदकुंकू लावून नारळ फोडला. मी चार नंबर धुतलं, पुसलं, तेल घातलं. नारळ नाही फोडला. आमच्या घरात नाही फोडत. तेव्हा कुणी हूं की चूं केलं नव्हतं. आता माझा नारळ आठवला आणि खिशातली खुंटी विसरली!

मी माझ्या मशीनची खुंटी काढून ठेवली. संध्याकाळी माल कमी भरला. शेठ म्हणाले, "साक्षीताई, आजारी आहात का?"

२० सप्टेंबर

इंद्रायणीकडे गेले, चाकणला. हात एवढा मोठा बांधलेला. चहा तिच्या सासूने दिला. मी म्हणाले, खुंटीचं सगळ्यांसमोर सांगू. तू सांग, मी साक्षीला उभी राहते.

तिने चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "एक नारळ फोडला असतास तर तुझं काय गेलं असतं गं?"

माझी मैत्रीण! एका डब्यात जेवलेली! मी चहा तसाच ठेवून उठले. रस्त्याने रडत आले, आणि रडले याचाच जास्त राग आला.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

पांढरा रंग. सगळ्याजणी पांढऱ्या साड्यांत, वरून ग्रीसचे एप्रन. जेवणाच्या सुट्टीत गेटपाशी फोटो. मला कुणी बोलावलं नाही. डबेही हलले — सगळ्यांचे खिडकीखाली, माझा एकटीचा भंगाराच्या पेटीशेजारी. हे कुणी बोलून करत नाही. आपोआप होतं. काय आपोआप होतं ते मला चांगलं कळतं, माझ्या आईलाही कळायचं.

दुपारी शेठने केबिनमध्ये बोलावलं. आवाज मधाळ. "ताई, बाकीच्या बाया घाबरल्यात. चार नंबरवर बसायला कुणी तयार नाही. ह्या नवमीला तुमच्या हाताने तिथे नारळ फोडा. लोकांच्या मनातलं जाईल. नाहीतर मग... दसऱ्यानंतर मला दुसरी बाई बघावी लागेल."

नारळ नाहीतर नोकरी. दहा वर्षांची नोकरी!

२६ सप्टेंबर

हिरवा. डबा एकटीचा.

२८ सप्टेंबर

बुद्धरत्नशी भांडण. नवरा माझा, कंपनीची बस चालवतो, जगाशी जमवून घेतो. म्हणे, "नारळच आहे ना. फोड आणि चटणी कर. मनातून थोडंच करतेस."

त्याला समजावून थकले. अरे, प्रश्न देवाचाही नाही! मी नारळ फोडला की ठरलं — मशीन भुकेली होती. मग खुंटी नव्हतीच. मग दत्तोबाकाकांच्या खिशात काही नव्हतं, शेठने टार्गेट वाढवलं नव्हतं, आणि इंद्रायणीची बोटं माझ्यामुळे गेली. माझ्या हाताने मी हे सही करून देऊ?

तो म्हणाला, "मग भांड." आणि झोपला. एवढं सोपं असतं यांचं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळपासून धुणंपुसणं. प्रेसना झेंडूच्या माळा. समोर पाट, पाटावर लाल कापड, त्यावर सगळी हत्यारं — पाने, हातोड्या, गेज. मोठ्या कंपनीचे दिग्विजय साहेब पाहुणे, आमच्या ब्रॅकेट त्यांच्याकडेच जातात. शाल झाली, श्रीफळ झालं. इंद्रायणीही आली होती, गळ्यात हात अडकवून. शेठनेच गाडी पाठवली होती. तिला पुढे खुर्ची.

दत्तोबाकाका एकेका हत्याराला हळदकुंकू लावत गेले. मी चार नंबरपाशी नारळ घेऊन उभी. सगळ्यांच्या नजरा माझ्या हातावर. आणि माझी नजर पाटावर गेली.

खुंट्या! ओळीने मांडलेल्या. पान्यांच्या शेजारी, प्रत्येकीला हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, वर अक्षता. आणि शेवटी चार नंबरची. तिलाही. काकांनी लपवली नव्हती, काही नाही. हत्यार आहे, वर्षभर राबलं, पूजेत हवंच! त्या माणसाच्या मनात पाप असतं तर तिथे ठेवली असती का? म्हणजे त्यांना खरंच कळलेलं नव्हतं. हेच मला सहन झालं नाही.

मी नारळ खाली ठेवला. चार नंबरची खुंटी उचलली, दिग्विजय साहेबांसमोर धरली.

"साहेब, ही कशाची पूजा आहे, विचारा ना."

शेठ हसले. "काही नाही साहेब, लाकडाचा तुकडा—"

"डाव्या बटणात घालतात," मी म्हणाले. "हिची बोटं गेली तेव्हा आत होती."

दत्तोबाकाका तोंड वासून बघत होते. "आगं पोरी, आमी काय आजच घालतोय व्हय? बापजन्मापास्नं चाललंय. खुंटीनं न्हाई बोटं जात!"

साहेबांनी मात्र आपल्याला पहिल्यांदाच कळतंय असं तोंड केलं. खोटारडा! दुप्पट माल त्यानेच मागितला होता, एवढ्याच मशीनवर. तो कसा निघतो, कधी विचारलंस? पण सगळ्यांसमोर म्हणाला, "शेठ, उद्यापासून हे मला दिसता कामा नये."

शेठने सगळ्या खुंट्या भंगारात टाकल्या. सगळ्यांदेखत. चार नंबरची माझ्याकडेच राहिली. पर्समध्ये टाकली, पुरावा म्हणून.

जिंकले! नारळ सोजराबाईंनी फोडला. तो त्यांचा त्यांनी खावा.

२ ऑक्टोबर

धम्मचक्र प्रवर्तन दिन. देहूरोडच्या विहारात गेलो. पांढरी साडी — कुणाचा रंग न बघता. खूप दिवसांनी जीव शांत झाला.

येताना शोरूमपुढे रांगा, नव्या गाड्यांना झेंडूचे हार. यंदा दसरा गुरुवारीच आला, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. म्हणजे सणाची सुट्टी वाचली. शेठचा देव मोठा हिशेबी.

६ ऑक्टोबर

खुंटी नाही. माल निम्मा. टार्गेट तेवढंच!

शेठ एकही वाकडा शब्द बोलले नाहीत. फक्त फळ्यावर लिहिलं — लॉट पूर्ण झाल्यावर दिवाळी सुट्टी. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आता नियमाने चाललंय ना सगळं."

फार हुशार माणूस. मला काढलं नाही. मला या बायकांच्या ताब्यात दिलं.

९ ऑक्टोबर

गुरुवार असून कामावर. स्कूटीच्या दोन्ही चाकांतली हवा सोडलेली. कुणी केलं विचारलं तर एकजात सगळ्या मुक्या.

११ ऑक्टोबर

इंद्रायणी परत आली. पॅकिंगला बसवलंय, एका हाताने. डबा खिडकीखाली, त्यांच्यात. त्यांनी तिला भरवलंसुद्धा. मला वाटलं एकदा तरी माझ्याकडे बघेल. बोटं तिची गेली, नोकरी मी पणाला लावली, आणि घास त्यांच्यात वाटताहेत!

बसा. खा. माझं काही अडत नाही.

१४ ऑक्टोबर

सोजराबाई आज अंगावर आल्या. सगळ्या शॉपसमोर. "माझ्या लेकीचा पहिला दिवाळसण हाय. जावई येणार, व्याही येणार, तिकडं केजला घरात कुणी न्हाई. सतराच्या सांजची गाडी हाय माझी. लॉट न्हाई निघाला तर शेठ सोडंना. तू काय बोलायलीस नियम? माझ्या लेकीला सासरचे काय बोलतील, त्येचा नियम सांग!"

मी म्हणाले, "तुमची बोटं राहिली तर तुमच्याच लेकीला वाढाल."

"बोटं माझी हायत," त्या म्हणाल्या. "तुला कुणी इचारलं?"

मी माझ्या मशीनवर जाऊन पुढचा पत्रा घातला.

१६ ऑक्टोबर

हात धुवायच्या नळापाशी सोजराबाई रडत होत्या. पदर तोंडात कोंबून, आवाज होऊ नये म्हणून. मला बघून पाठ फिरवली.

रडू देत. मला कमी रडवलं का यांनी?

जेवले नाही आज. भूकच लागली नाही.

१७ ऑक्टोबर

लॉट निघाला. सोजराबाईंना संध्याकाळची गाडी मिळाली. जाताना माझ्या डब्यात दोन करंज्या टाकून गेल्या.

दुपारी लॉट अडला तेव्हा चार नंबरवर मीच जाऊन बसले. पर्समधून खुंटी काढली आणि डाव्या बटणात घातली. हळद अजून तशीच होती तिच्यावर.