विभूती न लावलेली डिस्क

३ डिसेंबर २०२४
कुर्डुवाडीहून सकाळच्या गाडीने सोलापुरात आले. स्टेशनवर आई रडली. मी गाडी हलेपर्यंत उसनं हसत होते, पण मोहोळ येईपर्यंत खरंच हसू यायला लागलं. पहिली नोकरी!

शंकरप्पा अण्णांचं नवी पेठेतलं दुकान जेमतेम दोन टेबलांचं आहे. बंद पडलेल्या लॅपटॉपमधल्या हार्ड डिस्क काढायच्या, तपासायच्या आणि त्या घालून फोटो स्टुडिओवाल्यांना फोटो साठवायचे डबे बनवून द्यायचे. डबे म्हणजे खरोखरच पत्र्याचे डबे. आत जुना मदरबोर्ड, पंखा आणि चार डिस्क. राहायची सोय बाळीवेशीत त्यांच्याच घरी, वरच्या खोलीत. नागव्वा काकूंनी कडक भाकरी मोडून ताटात घातली आणि बजावलं, हितं पाहुण्यासारखं ऱ्हायचं न्हाय, लाजलीस तर उपाशी मरशील की.

६ डिसेंबर
काम हाताला बसतंय. अण्णा डिस्क पूर्ण पुसत नाहीत. त्यात तासन्‌तास जातात आणि जुन्या डिस्कचा दम निघतो. नुसती वरची यादी कोरी करायची. जुनं सगळं आत तसंच पडून राहतं आणि नवं भरत गेलं की दबतं. मग प्रत्येक डिस्कच्या झाकणावर विभूतीची तीन बोटं. ती लावल्याशिवाय डिस्क दुसऱ्या डब्यात जात नाही. मला हसू आलं तर अण्णा म्हणाले, दात काय काढतीस? आधीच्या मालकाला नीट निरोप द्यायला नको व्हय?

११ डिसेंबर
अण्णांनी मला माझा स्वतःचा संगणक जुळवायला दिला. सगळं भंगारातलं, डबासुद्धा खाऱ्या बिस्किटांचा. डिस्क मात्र त्यांनी घरच्या कपाटातून आणून स्वतःच्या हाताने बसवली.

पप्पांचे सात आवाजी निरोप मी त्यात घातले. पप्पा गेल्या वर्षी वारले. रेल्वे वर्कशॉपमध्ये दुपारचा डबा उघडला की ते निरोप पाठवायचे, पायल, जेवलीस का. एवढेच उरलेत. फोन सारखा अडकतोय म्हणून अण्णा तो कोरा करून देणार होते. मी म्हटलं, निरोपांची आणखी एक प्रत कुठेतरी ठेवू द्या. गिऱ्हाइकांना आपण हेच सांगतो. अण्णांचा चेहरा पडला. माझ्यावर विश्वास न्हाय व्हय तुझा, म्हणाले. मला लाज वाटली. फोन दिला.

१५ डिसेंबर, रविवार
अंघोळ करून पप्पांना ऐकत बसले. तिसऱ्या निरोपात ते म्हणाले, सिद्धू, जेवलीस का.

आवाज पप्पांचाच. मागे वर्कशॉपचा भोंगासुद्धा तोच. सिद्धू म्हणून आमच्या घरात कुणी नाही. डिस्क जुनी आहे, काहीतरी मिसळलं असेल. पण आवाजात नाव कसं मिसळेल?

१७ डिसेंबर
आता चार निरोपांत सिद्धू. ते चारही फोनवर उतरवून घेतले, तिथेही तेच. फोनमधून डिस्कवर घातलेले फोटोही बघितले. माझ्या पदविकेच्या समारंभात पप्पांच्या शेजारी नाकात मोरणी घातलेली एक मुलगी उभी आहे. मी कुठेच नाही.

अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, डोळं तपासून घे. काकूंनी ऐकलं आणि हातातली भांडी तशीच टाकून त्या देवघरात गेल्या.

१९ डिसेंबर
दुपारी दुकानात कुणी नसताना डबा उघडला. डिस्कच्या झाकणावर विभूती नाही. बाजूला चिकटपट्टी आहे, त्यावर बॉलपेनने लिहिलंय: सिद्धेश्वरी.

अण्णा दारात उभे होते. त्यांनी काहीच नाकारलं नाही. सिद्धेश्वरी त्यांची एकुलती एक मुलगी. तीन वर्षांपूर्वी होटगी रस्त्यावर गाडीवरून पडून गेली. ही तिच्या लॅपटॉपची डिस्क. तिला निरोप द्यायला त्यांचा हात उचलला नाही. ती परत यायला बघतीय, म्हणाले, पण बसायला जागा लागती की. तुझ्याआधी कामाला आलेल्या दोघांना डिस्क देऊन बघितली. त्यांच्याकडं त्यांच्या वस्तूंची दुसरी प्रत होती, म्हणून जमलं न्हाय.

मग माझे हात धरून रडले. तू लई गुणाची हाईस, म्हणून तुलाच निवडलं.

मला, भाकरी मोडून वाढणाऱ्यांनी.

२० डिसेंबर
आईला फोन केला. तिने विचारलं, कोण बोलतंय? मी नाव सांगितलं. ती म्हणाली, सिद्धेश्वरी बाळा, अण्णा बरे आहेत ना? माझी आई. मी ओरडले, पायल! ती म्हणाली, पायल कोण?

बॅग भरली. स्टेशनपर्यंत गेले. तिकीट काढलं. उतरून कुणाच्या घरी जाणार? परत आले.

२१ डिसेंबर
काकूंनी गड्ड्याच्या जत्रेला नेसायला इरकली साडी दिली. ब्लाउज आधीच शिवलेला. घालून बघ म्हणाल्या. अंगाला शिवल्यासारखा बसला. काकू म्हणाल्या, माझी पोर ती.

मोरणीसाठी नाक टोचलेलं आहे. कधी— मी टोचलं नव्हतं.

२२ डिसेंबर, सकाळ
सहा निरोप गेले. सातवा अजून ऐकलेला नाही.

झाकणाचे स्क्रू काढून आतल्या चकतीवर बोट फिरवलं की डिस्क संपते. मग ती येणार नाही. पण पप्पाही संपतील. पेचकस हातात आहे. अण्णांनीच शिकवलं—

एकदाच ऐकते. शब्द इथे उतरवून घेते. मग फोडते.

दुपार
ऐकला. पायल म्हणाले! माझं नाव, पप्पांच्या तोंडून, स्पष्ट— पायल— मी रडले—

पण निरोप तिथे संपला नाही. मागे भोंगा नव्हता. आगगाडीची धडधड होती. गर्दीच्या डब्यात म्हणायचे तसे मायेने म्हणाले—

पायल, सरक की जरा. ती केव्हाची उभी आहे. बसू दे तिला.

पप्पा, तुम्हीपण—

मी सरकणार नाही. मी इथेच बसून लिहिते आहे. खुर्ची घट्ट धरली आहे, दोन्ही हातांनी, मग हे कोण लिहि—