खुणेचा दगड

पुनारामदादा,

रामराम. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर बसून लिहून राहिलो. इथली वांग्याची भाजी आईसारखी आहे, पण ते जाऊ दे. पत्र टाकणार नाही, म्हणून खरं लिहितो.

लहानपणी तू तलावातला खुणेचा दगड दाखवून म्हणायचास, "दगड उघडा पडला तरी भ्यायचं नाही, पीयूष. आता पाणी चढणारच." मोबाइलवर क्रिप्टो शिकताना चार्टाखाली आरएसआयची रेघ दिसली. व्हिडिओवाला म्हणे, रेघ तीसच्या खाली गेली की भाव वर येतो. मले वाटलं, हा तर आपलाच दगड! दुप्पट करून देतो म्हणून आपल्या रीताच्या नर्सिंगच्या फीचे पैसे घेतले अन् सगळे एकाच कॉइनात टाकले. रेघ तीसखालीच पडून राहिली, भाव उतरतच गेला. आता तो कॉइन कोणी फुकटही घेत नाही.

तलावावर आभाळ असते, दादा. चार्टावर काय असते, ते मी कोणाले विचारलंच नाही.

सोमवारी फी भरायची आहे. आत्ता रीताचा फोन आला. "भाऊ, रेघ चढली का?"

"चढून राहिली," म्हटलं.

ती हसली, अन् पांढऱ्या ड्रेसचं माप द्यायले शिंप्याकडे चालले म्हणाली.

तुझा,
पीयूष