पाद्रीबाबांस उत्तर

इप्सविच, ६ मार्च १८१०

प्रिय गर्व्हेसदादा,

नमस्कार. तुझे पत्र काल टपालगाडीने पोचले. वहिनीने पाठवलेले खारवलेले मांसही पोचले. तिला सांग, आम्ही दोघे ते चार दिवस पुरवणार आहोत. दोघे म्हणजे मी आणि म्हातारा डाउझिंग. माझे यजमान गेल्यापासून छापयंत्राचा दांडा ओढायला तोच आहे, अक्षरांचे खिळे मी जुळवते. त्याचा खोकला तसाच आहे आणि जीभही तशीच आहे. तुझ्या गुडघ्याला फ्लॅनेल बांधतोस ना? प्रार्थनाघराची फरशी मार्चमध्ये फार गार असते.

आता तुझ्या रागाबद्दल. तीन पाने भरून रागावला आहेस. सख्ख्या बहिणीने जानेवारीत भावाची पुस्तिका छापावी आणि महिन्याभरात त्याच छापखान्यातून तिचे वाभाडे काढणारी दुसरी पुस्तिका निघावी, हे तुला विश्वासघातासारखे वाटते. दादा, हा धंदाच असा आहे. लंडनमध्ये एकाच दुकानात सकाळी मंत्र्यांचा कैवारी मजकूर देऊन जातो आणि दुपारी त्यांचा वैरी येतो, आणि दोघांना एकाच शाईने छापतात. तुझा ‘वाल्खेरेनच्या मोहिमेचा कैवार, एका ग्रामीण पाद्र्याकडून’ मी मन लावून छापला. ‘पाद्रीबाबांस उत्तर, एका इंग्रज गृहस्थाकडून’ हेही मन लावूनच छापले. तुझ्या म्हणण्याप्रमाणे गेल्या उन्हाळ्यात चाळीस हजार माणसे त्या डच दलदलीच्या बेटावर उतरवली ते योग्यच झाले, कारण युरोपात इंग्लंडचा शब्द राहायचा तर रक्त सांडावे लागते. या गृहस्थाचे म्हणणे इतकेच, की रक्त सांडलेच नाही, माणसे तापाने मेली, आणि शब्दही राहिला नाही.

गेल्या गुरुवारी मॅजिस्ट्रेटचा कारकून दोन शिपाई घेऊन आला. सगळी कपाटे उपसली.

“बाई, या उत्तराचं हस्तलिखित कुठंय?”

“नाही.”

“नाही म्हणजे? जाळलंत?”

“असतं तर जाळलं असतं.”

शिपाई चुलीत काठी घालून पाहू लागला तेव्हा डाउझिंग म्हणाला, “पाहा पाहा, पाव सापडला तर आम्हालाही द्या.” मला हसू आवरेना. कारकुनाला मात्र आवरले. कायद्याप्रमाणे छापणाऱ्याने प्रत्येक कामाची एक प्रत सहा महिने जपून ठेवायची आणि तिच्यावर काम देणाऱ्याचे नाव-गाव हाताने लिहायचे, हे तुला ठाऊक असेलच. ती प्रत त्याने मागितली. मी म्हटले, सापडत नाही. शनिवार, सतरा तारखेपर्यंत सापडली पाहिजे, असे बजावून तो गेला. जाताना विचारले, “शाळेवाले गॅरड इथं येतात का हो?” मी म्हटले, मुळाक्षरांची पुस्तके छापून घ्यायला अख्खे गाव येते.

तू लेखकाचे नाव विचारतोस. मला ते माहीत आहे आणि मी ते सांगणार नाही. कुणी मोठा माणूस नाही, एवढे समज.

दुसऱ्या आवृत्तीसाठी माझ्या जेबेझचा परिच्छेद वाढवायचा आहे, त्याचे शेवटचे शब्द कळव, असे तू लिहितोस. त्याबद्दल मग लिहीन. आज डोके दुखते आहे.

तुझी
थर्झा

—

इप्सविच, १४ मार्च १८१०

दादा,

तुझे पत्र आज सकाळी आले आणि मी ते उभ्याउभ्याच वाचले. खाली बसून वाचावे असे त्यात काही नव्हते.

रविवारी त्या ‘उत्तरा’चे लेखक म्हणून गॅरडमास्तरांना धरून नेले, हे तुला माझ्याआधी कळले होते. पुरावा काय, तर राजाच्या राजवटीच्या पन्नासाव्या वर्षाच्या उत्सवात सगळ्या गावाने खिडकीत दिवे लावले आणि यांनी लावले नाहीत. आणि ते बरे लिहितात. तू लिहितोस की मॅजिस्ट्रेटसाहेब तुझ्याकडे जेवायला होते. त्यांच्याशी तुझे बोलणे झाले आहे. मी त्या प्रतीवर फक्त ‘लेम्युएल गॅरड’ एवढे दोन शब्द लिहायचे, मग छापखान्याला कुणी हात लावणार नाही. “एवीतेवी तो माणूस अडकलाच आहे.” दादा, हे तुझ्या हाताने लिहिलेले वाक्य आहे. मी ते दोनदा वाचले, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही.

मी ते नाव लिहिणार नाही. का, ते आता सांगते. सहा महिने टाळते आहे.

जेबेझला गोळी लागली नाही.

सप्टेंबरात जहाजे हार्विचला लागली तेव्हा मी गाडीगाडीमागे फिरत होते. अकराव्या दिवशी तो मला इथेच सापडला, आपल्याच गावात, बराकीच्या तबेल्यात. दवाखान्यात जागा उरली नव्हती. गवतावर तीन माणसे आणि तिघांत एक घोंगडी. मधला मेलेला होता आणि कुणी उचलला नव्हता. माझा एकोणीस वर्षांचा मुलगा म्हाताऱ्यासारखा दिसत होता. दात वाजत होते, अंग भाजत होते. तो तिसऱ्या दिवशी गेला. तुला शेवटचे शब्द हवेत ना? घे. “आई, आम्ही फ्रेंच माणूस पाहिलाच नाही गं.”

मी तुला लिहिले की त्या बेटावरच्या फ्लशिंगच्या तटाखाली गोळी लागून जागच्या जागी गेला. खोटे लिहिले. तुझ्याच प्रवचनानंतर तो पहिल्या बाकावरून उठून नाव नोंदवायला गेला होता, म्हणून तुझे मन जपले. आणि खरे सांगायचे तर माझेही जपले. शेजारणी विचारायच्या, कसा गेला? तबेल्यात, हे तोंडातून निघत नव्हते. मला लाज वाटत होती. लाज कुणाला वाटायला हवी होती, हे मला तेव्हा कळले नाही.

मग जानेवारीत तुझा मजकूर आला. नवव्या पानावर वाक्य होते, “माझ्या सख्ख्या भाच्याने राजाचे नाव घेत फ्रेंच गोळी छातीवर झेलली, मोहीम व्यर्थ गेली म्हणणाऱ्यांनी त्याच्या आईला जाऊन विचारावे.” दादा, ते वाक्य मी माझ्या हाताने जुळवले. एकेक खिळा उचलून. राजाचे नाव तू घातले होतेस, पण गोळी मीच दिली होती. माझ्या खोट्यावर तू युद्धाचे समर्थन उभे केलेस, आणि ते वाचून उद्या कुणाचा तरी मुलगा पहिल्या बाकावरून उठेल.

त्या दिवशी जेवणानंतर मी खिळ्यांच्या पेटीसमोर उभी राहिले आणि उत्तर जुळवायला लागले. कागदावर एक अक्षर लिहिले नाही. वाक्य मनात यायचे आणि बोटे खिळ्यांकडे जायची. हस्तलिखित कसे सापडणार? ते कधी नव्हतेच. पाच दिवसांत बत्तीस पाने झाली. डाउझिंगने पहिला फर्मा जुळवलेल्या खिळ्यांवरूनच उलटा वाचला, तो तसाच वाचतो, आणि विचारले, “बाई, कोण हे गृहस्थ?”

“आहे एक.”

“भला माणूस दिसतोय. तुरुंगात जाणार.” मग चष्मा पुसत म्हणाला, “तबेल्यातलं ते घोंगडं... तुम्हीच जेबेझला शिवून दिलेलं ना हो?” मी पुढच्या पानाचे खिळे उचलू लागले.

मुखपृष्ठावर ‘गृहस्थ’ लिहिले, कारण ‘एका बाईकडून’ लिहिले असते तर लोकांनी त्यात लोणी गुंडाळले असते. कोणत्या देशाशी लढायचे, कुणाशी तह करायचा, यातले बाईला काय कळते! तू तर माझ्या तोंडावर म्हणाला असतास. पण त्याच पुस्तिकेला तू तीन पानांत शिव्या घातल्यास आणि शेवटी कबूल केलेस की लेखक ‘दुर्दैवाने विद्वान दिसतो’. ते वाचून मी दिवसभर खूष होते, हेही कबूल करते.

आता शनिवारचे. प्रत हरवलेली नाही, माझ्या पेटीत आहे. आज सकाळी तिच्यावर शाईने नाव लिहिले: काम देणार, थर्झा केरिज, राहणार इथेच. शनिवारी दहा वाजता मी ती घेऊन मॅजिस्ट्रेटसमोर जाणार आणि गॅरडमास्तरांना सोडा म्हणून सांगणार. छापखाना जाईल, मला ठाऊक आहे. वर्षभर तुरुंगात टाकतील, कदाचित दोन वर्षे. टाकू देत. डाउझिंगला कोल्चेस्टरमध्ये काम मिळते आहे, पण जात नाही म्हणतो, बाईंचा खटला बघायचाय. तू मधे पडू नकोस. माझे डोके दुःखाने फिरले आहे असे कोर्टाला सांगायची युक्ती तुला सुचेल. सांगितलीस तर मी सगळ्यांसमोर ती बत्तीस पाने तोंडपाठ म्हणून दाखवीन.

तुझ्या दुसऱ्या आवृत्तीचे काम पूर्ण झाले, गठ्ठा उद्याच्या गाडीने निघेल. तुझा एक शब्द हलवलेला नाही. तुझे मत तुझ्यापाशी, ते मी नीट, स्वच्छ छापले आहे. फक्त नववे पान नव्याने जुळवले. जेबेझचे वाक्य काढून टाकले. ते तुझे नव्हतेच, माझे होते, आणि मी ते परत घेतले.

शनिवारी ये. माझ्या बाजूला उभा राहा असे म्हणत नाही. समोरच्या बाजूला बसलास तरी चालेल. पण त्याच्या आईला जाऊन विचारा असे तू जगाला सांगितलेस, तर एकदा तूही येऊन विचार.

तुझी बहीण, आणि तुला उत्तर देणारी,
थर्झा केरिज