वीसपर्यंतचा भोंगा

१२ मार्च, गुरुवार
सकाळचे अकरा

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. ते ठेवायचे की परत पाठवायचे ते तू ठरव. तुझा पत्ता मामेभावाने दिला, तोही मी तीनदा हात जोडल्यावर. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच फाडशील, म्हणून वरचा पत्ता सुनेकडून लिहून घेतला आहे. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, मुलगा कमी बोलतो, सून जास्त बोलते, म्हणजे घर व्यवस्थित चाललंय. उजवा हात मनगटापासून सुजलाय, म्हणून अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आलंय. हात कशाने सुजला तेच सांगायला बसले आहे. जमेल तसं सांगते.

रविवारी वाचनालयाच्या सभागृहात आम्हा म्हाताऱ्यांचा सन्मान होता. सन्मान म्हणजे आठवणींची स्पर्धा. सत्तरीपुढच्यांनी जोडीजोडीने बसायचं, जुन्या दिवसांबद्दल प्रश्न विचारणार, उत्तर येईल त्याने टेबलावरची पितळी घंटा वाजवायची. प्रत्येकाच्या छातीवर कागदी फूल, पाठीला उशी. जरा जोरात बोललं तर आम्ही फुटू अशा बेताने सगळे वागत होते. जोड्या त्यांनीच लावल्या. काच कारखान्यातले आम्ही दोघंच उरलो आहोत, म्हणून माझ्या शेजारी मुकादमाला बसवलं.

हो, तोच. चौऱ्याऐंशीचा झालाय. कान गेलेत, तोरा तसाच आहे. प्रत्येक उत्तर आपणच द्यायचं, आणि चुकलं तर प्रश्न चुकीचा. मी त्याच्याशी हसून बोलले. तेही लिहायला हवं. इतकी वर्षं रस्त्यात दिसला की मी त्याची विचारपूस करत आले.

वाचनालयातली मुलगी प्रश्न विचारत होती. गोड पोरगी आहे, सगळं फोनवर चित्रित करत होती. तिने विचारलं, "कारखान्याचा भोंगा रोज किती वेळ वाजायचा?" मी घंटा वाजवली. मला नाही माहीत तर कोणाला? बाबा दोरी ओढून मोठ्याने आकडे मोजायचे. लहानपणी आपण डबा घेऊन त्या लोखंडी जिन्याने वर जायचो आणि त्यांच्याबरोबर ओरडायचो. वीस झाले की दोरी सुटायची. मी म्हटलं, "वीस आकडे." टाळ्या पडल्या. माझे डोळे भरून आले.

माझ्या टाळ्या मुकादमाला सहन होईनात. "रोज वीस," तो म्हणाला, "पण शेवटच्या दिवशी सातच."

समोरच्या जोडीत निवृत्त मास्तरीणबाई होत्या. त्या कुठल्या सोडतात! "त्या दिवशी वाफ संपली होती. पेपरात आलं होतं. आणि आकडे कोणी मोजले होते हो?" पोरगी कागद बघून म्हणाली, "माझ्याकडेही वाफ संपली असंच आहे. आजोबा, अर्धा गुण कापू का?"

अर्धा गुण, धाकट्या. मुकादम टेबलावर मूठ आपटून उभा राहिला. "वाफ संपली? बॉयलर वाफेने गच्च भरला होता! वेळ झाली नव्हती तरी वाजवत होता तो. मी म्हटलं, सोड दोरी. तर मला म्हणतो, वीस होऊ द्या, पोराला शब्द दिलाय. तेव्हा सातावर होता. मी समोर उभा होतो, मला काय शिकवता?"

लोक हसले. पोरगी म्हणाली, "दिला, पूर्ण गुण दिला!" मीही टाळी वाजवली. दोन टाळ्या वाजवल्या, तिसरीला हात हवेतच राहिले.

बाबांच्या खुनाच्या खटल्यात तो शपथेवर म्हणाला होता की आपण सकाळपासून फाटकावर होतो. आणि तू म्हणाला होतास, "बाबांनी मला शब्द दिला होता. ते भोंगा वाजवणार आणि आतले कामगार बाहेर येऊन संपात सामील होणार, असं ठरलं होतं." वकील हसला होता. सकाळी तू ज्याच्या कानशिलात मारलीस तो बाप दुपारी तुझ्यासाठी भोंगा वाजवेल, हे मलाही पटलं नव्हतं.

माझ्या हातात घंटा होती. लाकडी मुठीची, जड. पहिला फटका जबड्यावर बसला. दात फुटल्याचा आवाज मला आला, आणि खोटं कशाला लिहू, बरा वाटला. दुसरा कानावर. तो खुर्चीसकट मागे पडला, तेव्हा मी टेबलाला वळसा घालून गेले, गुडघ्यांची तक्रार न ऐकता, आणि तिसरा गळ्याखालच्या हाडावर हाणला. हाड मोडलं. त्याचं कागदी फूल लाल झालं. मास्तरीणबाई किंचाळत होत्या. मला तिघांनी धरलं, त्यात माझा हात पिरगळला. पस्तावा म्हणशील तर चौथा मारता आला नाही याचा आहे. आणि असं वाटतं याची लाजही आहे.

तू बाबांना पाहिलं नाहीस, तुला तोवर नेलं होतं. मी पाहिलं. डोक्याची एक बाजू आत गेली होती. जिन्यावर रक्ताचे थेंब होते, खालपर्यंत. मोठा पाना बॉयलरखाली सापडला.

आता ते लिहिते, जे या पत्रात तीनदा लिहून खोडलं.

मी तुला जिन्यावरून उतरताना पाहिलं नव्हतं. पाहिलं ते पाण्याच्या टाकीपाशी, सदरा धुताना. नाकातून रक्त येत होतं आणि तू म्हणालास, "ताई, फाटकावर दगड लागला." मुकादमाने मला आतल्या खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "टाकी म्हणालीस तर सुटेल तो. जिना म्हण." मला कोणी धमकावलं नाही. त्या सकाळी तू मारलेल्या थपडेने बाबांचा चष्मा फुटला होता, आणि काचा मी वेचल्या होत्या. तो राग होता. मारणारा तूच असावास असं मला वाटत होतं, म्हणून मी कोर्टात जिना म्हटलं. तू पिंजऱ्यातून माझ्याकडे बघत होतास. बारा वर्षं तू आत काढलीस. मी एकदाही भेटायला आले नाही.

काल पोलीसबाई घरी आल्या. चांगल्या आहेत, त्यांनी कागद आधीच भरून आणला होता. "आजी, चक्कर आली होती ना? तोल गेला, घंटा लागली. इथे सही करा, मिटेल." वाचनालयवाल्यांनाही बोभाटा नको आहे. मुलगा माझ्या हातात पेन कोंबत होता.

मी म्हटलं, "चक्कर आली नव्हती. नवा कागद घ्या. आधी सेहेचाळीस वर्षांपूर्वीची खोटी साक्ष लिहा, मग घंटेचं लिहा."

मुलगा ओरडला, "आई, वेड लागलंय का? या वयात तुरुंगात जायचंय?"

"तुझा मामा बावीस वर्षांचा होता," मी म्हटलं.

बाईंनी नवा कागद काढला. लिहायला दोन तास लागले, सुजल्या हाताने सही केली. पोरीच्या फोनमध्ये मुकादमाचं बोलणं आहे आणि माझे तिन्ही फटकेही आहेत, दोन्ही त्यांच्याकडे दिलं. मुकादमाचा जबडा तारेने बांधलाय, पण हात शाबूत आहे. तो काय लिहून देतो ते त्याचं त्याला माहीत. उद्या सकाळी मला ठाण्यावर बोलावलंय. पिशवी भरून ठेवली आहे.

माफी मागत नाही. मागितली तर ती द्यायची की नाही, हे ओझंही तुझ्यावरच पडेल. तू येऊ नकोस, उत्तरही लिहू नकोस, वाटलं तर. फक्त एवढं माहीत असू दे, की ती थपड बाबांनी मनात ठेवली नव्हती. ते तुझ्यासाठीच दोरी ओढत होते आणि समोर मुकादम उभा असतानाही त्यांनी ती सोडली नाही.

टाकीपाशी तुला पाहिलेली,
तुझी ताई