रुग्ण पत्त्यावर आढळला नाही

१ जानेवारी
यंदा तीन संकल्प. एक, रोज रोजनिशी. दोन, पहाटे फिरायला जाणे (उद्यापासून, आज फार थंडी आहे). तीन, शहराची रेघ खाली आणणे.
तिसरा संकल्प माझ्यासारख्यानेच करावा. आमच्या टीबी ऑफिसात आकडेवारी माझ्याकडे असते. औषधांना दाद न देणारा जो टीबी, म्हणजे रेझिस्टंट टीबी, त्याचा शहराचा वार्षिक आलेख मी काढतो. रेघ दरवर्षी वरच चाललीय. गेल्या वर्षी मी ती लालऐवजी हिरवी केली. साहेब म्हणाले, आता बघायला जरा बरं वाटतं.
किंचित खोकला आहे. ऑफिसातल्या धुळीचा.

२० जानेवारी
खोकला मुक्कामाला आलाय. बायको म्हणाली, अहो, जगाला सांगता तपासून घ्या म्हणून, मग स्वतः कधी जाणार? तिला समजावलं की इतकी वर्षं टीबीच्या खात्यात काढलेल्या माणसाला टीबी झाला, तर सगळ्यात आधी त्यालाच कळेल. ती म्हणाली, कळलंय तुम्हाला, कबूल करत नाही एवढंच. तिला आकडेवारीतलं काही कळत नाही.
मुलगी तिसरीत आहे. माझ्या खोकल्याची हुबेहूब नक्कल करते. अंधाराची भीती वाटते म्हणून आमच्या दोघांच्या मध्ये झोपते आणि झोपेत माझी कॉलर धरून ठेवते.

७ फेब्रुवारी
केवळ बायकोचं तोंड बंद करायला तपासणी केली. आमच्या लॅबमध्ये नाही, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या खाजगी लॅबमध्ये. टोपी घालून गेलो. नाव मेहुण्याचं सांगितलं, पत्ता आमच्या जुन्या भाड्याच्या खोलीचा. डबीत जे दिलं ते काउंटरवरच्या मुलीने परत केलं. म्हणाली, काका, ही नुसती लाळ आहे, छातीतून खोकून बेडका काढा. 'बेडका कसा द्यावा' हे पोस्टर मीच लिहिलेलं आहे आणि ते नेमकं तिच्या डोक्यामागे लावलेलं होतं. अपमान गिळला.

१० फेब्रुवारी
टीबी आहे. पण साधा! सगळ्या औषधांना दाद देणारा. खरं सांगायचं तर थोडा अभिमानच वाटला. शिस्तीच्या माणसाला होणार तोही शिस्तीचाच. सहा महिने गोळ्या, विषय संपला.
आमच्या केंद्रात नाव नोंदवलं तर गोळ्या फुकट मिळतात. पण मग साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना कळणार, वर शहराचा आकडा एकाने वाढणार. शहराच्या भल्यासाठी विकत घ्यायचं ठरवलं. गोळ्या कोणत्या ते मला तोंडपाठ आणि केमिस्ट ओळखीचा. बायकोला म्हटलं, रिपोर्ट क्लीन, या पित्ताच्या गोळ्या. तिच्या जिवाला उगाच घोर कशाला?

२ मार्च
खाजगी लॅबने नियमाप्रमाणे आमच्या ऑफिसला कळवलं. कागद फिरत फिरत माझ्याच टेबलावर आला. नवा रुग्ण, ताबडतोब शोधा. काय करणार, व्हिजिटरला पाठवला. व्हिजिटर म्हणजे घरोघर जाऊन रुग्ण हुडकणारा आमचा माणूस. गुडघे गेलेत त्याचे, तरी बिचारा चार मजले चढून आला. त्या खोलीत आता एक शिंपी राहतो, तो म्हणाला या नावाचं इथे कोणी नाही.

९ मार्च
व्हिजिटर पुन्हा जाऊन आला. आता शिंपी त्याला ओळखायला लागलाय. बाकावर बसून गुडघे चोळत म्हणाला की अशी माणसं स्वतः तर बुडतातच, घरच्या पोराबाळांनाही घेऊन बुडतात. मी म्हणालो, अगदी खरं बोललात. त्याला चहा पाजला. शेरा मारला: रुग्ण पत्त्यावर आढळला नाही.
तो म्हणतो, पुढच्या आठवड्यात परत बघतो. कामसू माणूस. अशा लोकांचा फार त्रास होतो.

१७ एप्रिल
खोकला गायब! भूक अशी की बायको म्हणाली, पित्ताच्या गोळ्या खाऊन कोणी एवढं जेवतं का? पँट कमरेला बसेना. फक्त लघवी केशरी होते आणि सकाळभर मळमळतं. मुलीला पाठुंगळी घेऊन जिना चढलो. धाप नाही.

२९ एप्रिल
गोळ्या थांबवल्या. 'बरं वाटलं तरी गोळ्या थांबवू नका' हेही पोस्टर माझंच, पण ते रुग्णांसाठी आहे. त्यांना बरं नुसतं वाटत असतं. मी बरा झालोय.

२३ मे
मीटिंग. रेघ आणखी वर. त्यातही, आयुष्यात टीबीची एक गोळी न घेतलेल्या लोकांना थेट रेझिस्टंट टीबी होण्याचं प्रमाण वाढलंय. साहेबांनी विचारलं, असं कसं? मी ठामपणे सांगितलं, एन्ट्रीतली चूक असणार. अर्धवट गोळ्या खाणाऱ्या बेपर्वा माणसात जंतू मुरतात, औषधाला दाद देईनासे होतात. ज्याने गोळीच पाहिली नाही त्याच्यात कुठून येणार?
लॅबच्या मॅडम म्हणाल्या, त्या बेपर्वा माणसाकडून. जवळ बसून खोकला की झालं, समोरच्याला तो आयता मिळतो. मी सौम्य हसलो. मॅडम हुशार आहेत, पण कल्पनेच्या फार आहारी जातात.

११ जून
खोकला. हवा बदलतेय.

२६ जून
हवा बदलून झाली, खोकला आहे तिथेच. उरलेल्या गोळ्या पुन्हा सुरू. या वेळी अर्ध्याच, मळमळ नको म्हणून. रविवारी सुट्टी. बायको म्हणाली, निदान खोकताना तोंड तिकडे करा. तिकडे भिंत आहे. भिंतीकडे तोंड करून मुलीला गोष्ट कशी सांगणार? आणि गोष्ट ऐकल्याशिवाय ती झोपत नाही.
खिडकी उघडी ठेवायचा संकल्प केला. रहदारीचा आवाज फार येतो म्हणून लावून घेतली.

५ ऑगस्ट
जनजागृतीचा कार्यक्रम. मुख्य भाषण माझं. 'टीबीचा खोकला कसा ओळखावा' इथवर आलो आणि जी उबळ आली ती टेबल धरूनही थांबेना. लोकांना वाटलं प्रात्यक्षिक आहे. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या आजीबाई शेजारणीला म्हणाल्या, किती जीव ओतून करतो माणूस!
व्हिजिटर मागे उभा होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत.

३० ऑगस्ट
मुलगी अंगाने उतरलीय. संध्याकाळी अंग कोमट लागतं. डबा तसाच परत आणते. शाळेत अभ्यासाचं ओझं किती वाढवलंय हल्ली! बाईंना चिठ्ठी लिहायचा संकल्प.
हल्ली माझ्या खोकल्याची नक्कलही फार करते. एकदा रागावलो. ती म्हणाली, बाबा, मी नक्कल नाही करत.

२ सप्टेंबर
सकाळी रुमालाला रक्त. रुमाल खिशात घातला. मग खिशातून काढला आणि बायकोला दाखवला. का, ते माहीत नाही. ती ओरडेल असं वाटलं होतं. मुलीला शाळेचे कपडे घालत होती, ते काढून बाहेर जायचे घातले आणि म्हणाली, चला तिघंही.
आमच्याच ऑफिसच्या लॅबमध्ये, पुढच्या दाराने, टोपीशिवाय. व्हिजिटरने माझ्याकडे पाहिलं. मेहुण्याचं नाव आणि शिंप्याची खोली मी स्वतःच सांगून टाकली. तो म्हणाला, सहा वेळा चढलो हो ते चार मजले.

४ सप्टेंबर
माझा रेझिस्टंट. बायकोचा क्लीन. मुलीला बेडका काढता आला नाही, म्हणून उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं काढलं. बायकोने आणि नर्सने तिचे हात धरले होते. ती बाबा, बाबा करत होती. मला बाहेर थांबवलं होतं.

७ सप्टेंबर
मुलीचाही रेझिस्टंट.
आयुष्यात तिने तापाच्या गोड औषधापलीकडे काही घेतलेलं नाही. मॅडमना मी विचारलं, मशीन चुकलं असेल? एन्ट्री? त्यांनी तपासणी पुन्हा लावली. मे महिन्यातलं एक अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

८ सप्टेंबर
तोच रिपोर्ट.

३ ऑक्टोबर
आता रोज सकाळी व्हिजिटर घरी येतो आणि दोघांना समोर बसवून गोळ्या देतो. तीन मजले आहेत आमचे. मी म्हटलं, मीच येतो केंद्रावर. तो म्हणाला, तुमच्यासाठी नाही येत.
मुलगी गोळ्या घेते, उलटी करते, बायको तोंड पुसते, व्हिजिटर थोडा थांबतो आणि पुन्हा देतो. तिच्या वाटच्या मी घेऊ का, असं विचारलं. मूर्खासारखं विचारलं.
ती आता आईजवळ दुसऱ्या खोलीत झोपते. मी इकडे एकटा. खिडकी सताड उघडी ठेवतो.

१२ नोव्हेंबर
साहेब घरी माणूस पाठवतात, वार्षिक आलेख कधी देता म्हणून. उद्यापासून बसेन असं कळवलं. बसवत नाही. रेघ खाली आणायचा काही उपाय मला सुचत नाही. कधीच सुचला नव्हता.
गोळ्यांनी मुलीचा रंग काळवंडलाय. औषध संपलं की हळूहळू उतरेल असं मॅडम म्हणतात. ती आरशासमोर बराच वेळ उभी राहते. आम्ही आरसा काढून ठेवला, तर खिडकीच्या काचेत बघते.

६ डिसेंबर
आज उलटी झाली नाही. व्हिजिटर तिला शाबासकी देत म्हणाला, घाबरायचं नाही हं, तुझे बाबा आमच्या ऑफिसातले, त्यांना या आजाराची सगळी माहिती आहे. तो टोमणा होता की तिला धीर देत होता, मला कळलं नाही. बायको स्वयंपाकघरात निघून गेली.
तो गेल्यावर मुलीने मला विचारलं, बाबा, तुमच्या खोकल्याने मला असं होईल हे तुम्हाला आधी माहीत होतं?
मी म्हणालो, नाही गं.
तिला लगेच पटलं.